विषाणूला हातही न लावणारं औषध

पॅसिफिक महासागरातल्या ग्वाम बेटावर उकाडा आणि दमट हवा वर्षभर मुक्कामाला असतात. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस तिथे अमेरिकी नौदलाच्या वैद्यकीय संशोधन पथकात रिचर्ड शोप नावाचे शास्त्रज्ञ होते. घरापासून हजारो मैल दूर, आणि सोबत बायकोचा, हेलनचा, एक फोटो. त्या फोटोवरच्या पारदर्शक आवरणावर बुरशी चढली. कोकणात पावसाळा काढलेल्या माणसाला यात काही नवल वाटणार नाही. चपला, कमरेचे पट्टे, लग्नाचे अल्बम, बुरशी कशालाच सोडत नाही. आपण फडक्याने पुसून मोकळे होतो. शोप यांनी ती बुरशी जपून काढली, वाढवली आणि पुढे प्रयोगशाळेत नेली.

शोप हे विषाणूंच्या अभ्यासातलं मोठं नाव. डुकरांच्या फ्लूचा विषाणू त्यांनी वेगळा केल्याचं 1931 मध्ये जाहीर झालं, म्हणजे माणसाच्या फ्लूचा विषाणू हाती लागण्याच्या दोन वर्षं आधी. सशांच्या अंगावर शिंगांसारखे कोंब उगवतात, त्यामागे विषाणू असतो हेही त्यांनीच दाखवलं. अशा माणसाला फोटोवरच्या डागात रस वाटावा याला आणखी एक कारण होतं. काळ पेनिसिलिनचा होता. एका बुरशीतून जिवाणूंचा काळ निघाला होता. दुसऱ्या एखादीतून विषाणूंचा का निघू नये? फोटोवरची बुरशी तर पेनिसिलिनवाल्या बुरशीच्याच कुळातली निघाली: पेनिसिलियम फ्युनिक्युलोजम.

प्रयोग अगदी सरळ होता. पांढऱ्या उंदरांना विषाणू टोचायचा. त्यासाठी वापरलेला एक विषाणू होता कोलंबिया एसके, जो उंदरांच्या मज्जासंस्थेवर चाल करतो आणि त्यांना लुळे करून मारतो. दुसरा सेमलिकी फॉरेस्ट, युगांडातल्या जंगलाच्या नावाचा आणि आपल्या ओळखीच्या चिकुनगुन्याच्या गोतावळ्यातला. काही उंदरांना बुरशीचा अर्क द्यायचा, काहींना नाही. मग पिंजऱ्यांपुढे बसून किती मेले, किती जगले ते मोजायचं. अर्क मिळालेले उंदीर जास्त जगले. 1953 मध्ये शोप यांनी हे निकाल प्रसिद्ध केले आणि अर्कातल्या त्या अनोळखी पदार्थाला बायकोचं नाव दिलं: हेलेनिन. युद्धावरून परतलेल्या नवऱ्याने आणलेल्या भेटींमध्ये ही बहुधा सगळ्यात विचित्र भेट असावी.

पण हेलेनिन पेनिसिलिनसारखं वागत नव्हतं. विषाणू आणि अर्क काचेच्या नळीत एकत्र केले तर विषाणूचं काहीच बिघडत नव्हतं. तो जसाच्या तसा राहायचा. उंदराच्या अंगात मात्र त्याची डाळ शिजत नव्हती. शिवाय अर्क देण्याची वेळ फार महत्त्वाची होती. विषाणू टोचण्याआधी किंवा लगेच नंतर दिला तर गुण. उशीर झाला की गुण घटत जायचा. विषाणूला मारणारं औषध असतं तर निदान नळीत तरी त्याने मारून दाखवायला हवं होतं. म्हणजे जे काही घडत होतं ते अर्क आणि विषाणू यांच्यात नव्हे, अर्क आणि उंदीर यांच्यात घडत होतं.

याचं उत्तर यायला चौदा वर्षं लागली, आणि ते तीन-चार दिशांनी तुकड्यातुकड्यांनी आलं.

पहिला तुकडा लंडनचा. 1957 मध्ये मिल हिलच्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत ॲलिक आयझॅक्स आणि स्वित्झर्लंडहून आलेले जाँ लिंडेनमान कोंबडीच्या अंड्यातल्या पातळ पडद्यावर काम करत होते. उष्णता देऊन निकामी केलेला फ्लूचा विषाणू त्यांनी पडद्याच्या तुकड्यांना दिला. नंतर त्या तुकड्यांभोवतीचा द्रव नव्या तुकड्यांना दिला, तर त्या नव्या तुकड्यांवर जिवंत विषाणूही वाढेना. पेशींनी काहीतरी बनवून बाहेर सोडलं होतं आणि ते शेजारच्या पेशींना सावध करत होतं. विषाणूच्या कामात अडथळा आणणारं म्हणून त्याचं नाव पडलं इंटरफेरॉन. त्याआधी जपानमध्ये नागानो आणि कोजिमा यांनाही अशाच काहीतरी पदार्थाची चाहूल लागली होती, पण जगाच्या लक्षात राहिलं ते लंडनचं काम.

दुसरा तुकडा अंदाजाचा. 1963 मध्ये आयझॅक्स यांनी असा तर्क मांडला की पेशी इंटरफेरॉन बनवते ती परक्या न्यूक्लिक आम्लाची, म्हणजे डीएनए किंवा आरएनएची, चाहूल लागल्यावर. तर्क धाडसी होता आणि तेव्हा तो सिद्ध करायला पुरेसा पुरावा नव्हता. 1966 मध्ये स्वतः शोप यांचं नाव असलेल्या शोधनिबंधात दाखवलं गेलं की हेलेनिन दिलेल्या उंदरांच्या अंगात इंटरफेरॉन तयार होतं. गुण कुठून येतो ते कळलं. पण अर्कातला नेमका कुठला पदार्थ हे करतो ते अजून कळलं नव्हतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शोप गेले. 1967 च्या जानेवारीत आयझॅक्सही गेले, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी. आणि त्याच वर्षी, काही महिन्यांनी, पेनसिल्व्हेनियातल्या मर्क कंपनीच्या प्रयोगशाळेने हेलेनिनचं कोडं सोडवलं. विज्ञानाच्या इतिहासात असे हुकलेले क्षण बरेच आहेत; मला तरी हा जरा जास्त लागतो.

मर्कमधल्या गटाचे प्रमुख मॉरिस हिलमन होते, चाळिसांहून अधिक लसींशी ज्यांचं नाव जोडलं जातं ते. गंमत म्हणजे त्यांच्या घरचीही एक व्यक्ती सूक्ष्मजीवांच्या नामावळीत आहे: 1963 मध्ये मुलीला गालगुंड झाले तेव्हा तिच्या घशातून घेतलेल्या विषाणूपासून त्यांनी लस बनवली, आणि विषाणूच्या त्या वाणाला आजही तिच्याच नावाने, जेरिल लिन, ओळखतात. बायको शोप यांची, मुलगी हिलमन यांची. एकाच गोष्टीत दोन घरं.

हिलमन यांच्या सहकाऱ्यांनी हेलेनिनची चाळणी करत करत त्यातला कर्ता पदार्थ शोधला. तो होता आरएनए, पण नेहमीचा नव्हे. आपल्या पेशीत डीएनए दुहेरी धाग्याचा असतो आणि आरएनए बहुतेक करून एकेरी धाग्याचा. हा आरएनए दुहेरी होता, दोन धागे एकमेकांना लांबवर बिलगलेले. मग त्यांनी एक फार सुंदर प्रयोग केला. बुरशीतलं किंवा विषाणूतलं काहीही न घेता त्यांनी असा दुहेरी आरएनए कृत्रिमरीत्या जुळवला. एका धाग्यात इनोसिन या घटकाचीच माळ, दुसऱ्यात सायटिडिनचीच. पहिला धागा पॉली आय, दुसरा पॉली सी. नुसतं पॉली आय दिलं, काही विशेष झालं नाही. नुसतं पॉली सी दिलं, तेच. दोन्ही एकत्र मिसळले की ते आपोआप एकमेकांना बिलगतात. ते मिश्रण उंदरांना दिलं आणि अंगात इंटरफेरॉन उसळलं. मात्रा किती, तर मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या लाखाव्या-दहा लाखाव्या हिश्श्यांत. या कामावरच्या शोधनिबंधांच्या मालिकेच्या शीर्षकातच दोन गोष्टी शेजारी ठेवल्या होत्या: इंटरफेरॉनचे उत्प्रेरक आणि यजमानाची प्रतिकारक्षमता.

पॉली आय-सी या रेणूत माहिती अशी काही नाही. त्याच्यापासून कुठलंही प्रथिन बनत नाही, कुठलीही आज्ञा त्यात लिहिलेली नाही. एका धाग्यावर एकच अक्षर हजारदा, दुसऱ्यावर दुसरं एकच अक्षर हजारदा. आरएनएची नेहमीची अक्षरं चार. त्यांत इनोसिन मोडतही नाही. तरीही उंदराची पेशी त्याला विषाणू समजते. म्हणजे पेशी मजकूर वाचत नाही. ती फक्त इतकंच पाहते की हा आरएनए लांब आहे आणि दुहेरी आहे. विषाणू पेशीत स्वतःच्या आरएनएच्या प्रती काढतो तेव्हा एका धाग्यावर दुसरा धागा रचत जातो, आणि तेव्हा काही काळ तरी अशी लांबलचक जोडी तयार होते. विषाणू कितीही रूपं बदलो, प्रत काढल्याशिवाय त्याची वंशवेल वाढत नाही. पेशीने नेमकी तीच खूण धरून ठेवली आहे.

मग फोटोवरच्या बुरशीत दुहेरी आरएनए आला कुठून? बुरशीला तो कशाला हवा? उत्तर 1967-68 मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं. या जातीच्या बुरशीत आणि तिच्या एका भावंडात, जिच्यातून स्टॅटोलॉन नावाचा असाच पदार्थ काढला होता, विषाणूचे कण होते. बुरशीला स्वतःलाच विषाणूची लागण झालेली होती! त्या विषाणूचा आरएनए दुहेरी धाग्याचा. म्हणजे हेलनच्या फोटोवर बुरशी, बुरशीच्या आत तिचा विषाणू, त्या विषाणूचा आरएनए अर्कातून उंदराच्या अंगात, आणि उंदीर त्या निरुपद्रवी तुकड्याला घाबरून अशा एका विषाणूविरुद्ध सज्ज झालेला, ज्याचा बुरशीशी काडीचाही संबंध नाही. गावात चोर नसताना कुणीतरी ‘चोर, चोर’ ओरडावं, सगळे काठ्या घेऊन बाहेर यावेत आणि त्याच रात्री खरोखरच चोर यावा, असा हा प्रकार.

ही ओरड पेशीला ऐकू कशी येते, हे कळायला आणखी तीन-चार दशकं गेली. 2001 मध्ये येल विद्यापीठातल्या रिचर्ड फ्लेव्हेल यांच्या गटाने टीएलआर-3 नावाचं प्रथिन दुहेरी आरएनए ओळखतं असं दाखवलं. हे प्रथिन पेशीने बाहेरून गिळलेल्या गोष्टी ज्या पिशव्यांत येतात त्यांच्या भिंतीवर पहारा देतं. 2006 मध्ये एमडीए-5 या दुसऱ्या पहारेकऱ्याचं महत्त्व स्पष्ट झालं. तो पेशीच्या आतल्या द्रवात फिरतो आणि उंदरात पॉली आय-सीला मिळणाऱ्या इंटरफेरॉनच्या प्रतिसादात त्याचा वाटा मोठा आहे. दोघांपैकी कुणालाही जोडी सापडली की निरोप पेशीच्या केंद्रकात जातो, इंटरफेरॉनचे जनुक जागे होतात, इंटरफेरॉन बाहेर पडतं आणि शेजारपाजारच्या पेशींच्या पृष्ठभागावरच्या ग्राहींना जाऊन चिकटतं. त्या पेशींत मग शेकडो जनुक एकदम कामाला लागतात.

त्या शेकडोंपैकी दोघांची कामगिरी सांगण्यासारखी आहे. पीकेआर नावाचं एक एन्झाइम दुहेरी आरएनए दिसताच पेशीचा प्रथिनं बनवण्याचा कारखानाच बंद पाडतं. विषाणूला स्वतःची प्रथिनं बनवायला पेशीचा कारखाना लागतो. तोच बंद, तर करणार काय? ओएएस नावाचं दुसरं एन्झाइम दुहेरी आरएनए दिसला की एक छोटासा रेणू तयार करतं, तो रेणू आरएनेझ-एल या तिसऱ्याला उठवतो आणि मग आरएनेझ-एल दिसेल तो एकेरी आरएनए तोडत सुटतं, विषाणूचाही आणि स्वतःच्या पेशीचाही. दोन्हींत एक बारकावा आहे, आणि मला तो फार आवडतो. इंटरफेरॉन ही एन्झाइमं वाढवून नुसती तयार ठेवतं. ती प्रत्यक्ष पेटतात ती पुन्हा दुहेरी आरएनए दिसल्यावरच. शेजारच्या पेशीने सावध केलं म्हणून कुणी आपलं घर जाळत नाही. शत्रू उंबरठ्याच्या आत आल्याची खात्री पटल्यावरच जाळतं.

उंदराचा हा सगळा बचाव इंटरफेरॉनवर किती अवलंबून आहे, ते 1994 मध्ये झुरिचच्या गटाने दाखवलं. इंटरफेरॉनचा ग्राहीच नसलेले उंदीर त्यांनी तयार केले. दिसायला धडधाकट, पिल्लंही होतात. पण सेमलिकी फॉरेस्टसारखे विषाणू त्यांना अगदी सहज मारतात.

इथे एक शंका यायला हवी. आपल्या स्वतःच्या आरएनएतही काही जागी धागा स्वतःवरच वळून जोडी जमते. मग पेशी स्वतःलाच शत्रू का समजत नाही? तिने त्याचीही सोय केली आहे. एडीएआर-1 नावाचं एन्झाइम अशा घरच्या जोड्यांतली काही अक्षरं बदलून त्या जोड्या मुद्दाम सैल करतं, म्हणजे एमडीए-5 त्यांच्यावर भुंकत नाही. बदललेलं अक्षर कुठलं होतं? इनोसिन. पॉली आय-सीमधलंच! तिथे मात्र ते सायटिडिनशी घट्ट जमतं, त्यामुळे माळ ताठ दुहेरी राहते. अक्षर तेच; महत्त्व जोडीला. एडीएआर-1 चं काम बंद पाडलेले उंदीर आईच्या पोटातच मरतात, आणि 2015 मध्ये असं दिसलं की सोबत एमडीए-5 ही काढून टाकला तर ती पिल्लं जन्माला येऊ शकतात. पोटातल्या पोटात मारणारा शत्रू नव्हताच, पहारेकरीच होता.

इतकं सगळं वाचून मनात येतं, मग गेल्या पन्नास-साठ वर्षांत पॉली आय-सीच्या गोळ्या औषधाच्या दुकानात का आल्या नाहीत? फ्लू येवो, डेंग्यू येवो, एकच गोळी. सुरुवातीला अशा आशा खरोखर होत्या. माणसाला दिल्यावर पहिली अडचण अगदी साधी निघाली. आपल्या रक्तातली एन्झाइमं दुहेरी आरएनए उंदरापेक्षा कितीतरी झपाट्याने तोडतात. औषध पोहोचण्याआधीच संपतं. 1970 च्या दशकात अमेरिकेत हिल्टन लेव्ही यांनी त्याला पॉलिलायसिन आणि कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज यांचं कवच दिलं, तेव्हा माकडांत आणि माणसांत इंटरफेरॉन आलं. पण सोबत ताप, अंगदुखी, रक्तदाब उतरणं हेही आलं. यात आश्चर्य नाही. फ्लू झाल्यावर आपलं अंग मोडून येतं त्यात विषाणूपेक्षा इंटरफेरॉन आणि त्याच्या सोबत्यांचा हात अनेकदा मोठा असतो. कुत्र्यांना तर पॉली आय-सी उंदरांपेक्षा फारच कमी मात्रेत बाधतं. कवचवालं पॉली आय-सी आज कर्करोगाच्या प्रायोगिक लसींसोबत प्रतिकारशक्तीला डिवचण्यासाठी वापरून पाहिलं जातं, आणि मला वाटतं ती जागा त्याला जास्त शोभते.

आणखी एक रेणू आहे, टिलोरोन. 1970 मध्ये तो जाहीर झाला तेव्हा त्याचं कौतुक असं की तो तोंडावाटे दिला तरी उंदरात इंटरफेरॉन आणतो आणि त्यांना अनेक विषाणूंपासून वाचवतो. माणसात पश्चिमेकडच्या डॉक्टरांना तसा प्रभाव दिसला नाही. रशियात मात्र तो वेगळ्या नावाने विकला जातो. त्याहून बोलकी गोष्ट डीएमएक्सएए या रेणूची. उंदरांत तो इतका प्रभावी की कर्करोगासाठी माणसांवर मोठ्या चाचण्या झाल्या आणि फसल्या. 2013 मध्ये कारण उघड झालं: उंदराच्या पेशीत इंटरफेरॉन जागवणाऱ्या स्टिंग नावाच्या प्रथिनाला हा रेणू नीट बसतो, माणसाच्या स्टिंगची घडण थोडी वेगळी आहे, तिथे तो बसतच नाही. रेणू शुद्ध, प्रयोग प्रामाणिक, मोजमाप चोख. फक्त हाक ज्याच्यासाठी होती तो कान माणसाला नाही.

उलटही घडतं; उंदीर काही बाबतींत आपल्यापेक्षा दुबळे असतात, आणि तेही आपल्यामुळे. लिंडेनमान यांना 1960 च्या दशकात ए2जी नावाचे उंदीर भेटले, ज्यांना फ्लू मारू शकत नव्हता. कारण पुढे कळलं: त्यांच्याकडे एमएक्स-1 हा जनुक शाबूत होता. इंटरफेरॉनने जागा होणारा हा जनुक फ्लूच्या विषाणूला पेशीत पाय रोवू देत नाही. जगभरच्या प्रयोगशाळांत वापरल्या जाणाऱ्या बहुतेक जातींच्या उंदरांत तोच मोडलेला आहे. रानातल्या अनेक उंदरांत तो धड असतो. म्हणजे फ्लूविरुद्ध इंटरफेरॉन वाढवणाऱ्या औषधाची परीक्षा आपण अशा उंदरावर घेत आलो, ज्याच्या हातातलं मुख्य हत्यारच काढून घेतलेलं आहे.

गरोदर उंदरिणीला पॉली आय-सी दिलं तर काय होतं, तेही पाहिलं गेलं आहे. 2003 मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेकमधल्या पॉल पॅटरसन यांच्या गटाने फ्लू झालेल्या उंदरिणींची पिल्लं मोठी झाल्यावर वेगळी वागतात असं दाखवलं. नुसतं पॉली आय-सी दिलेल्या मातांच्या पिल्लांतही तसेच काही बदल दिसले. विषाणू नाही, संसर्ग नाही. आईच्या शरीराला फक्त विषाणू आल्याचं वाटलं, तेवढ्याने.

आजच्या एमआरएनए लसी बनवणाऱ्यांना या दुहेरी आरएनएचा जाच रोजच होतो. कारखान्यात आरएनएच्या माळा ओवताना चुकून दुहेरी तुकडेही बनतात. ते राहिले तर टोचलेल्या पेशीचे पहारेकरी जागे होतात, कारखाना बंद पडतो आणि लसीचं प्रथिनच नीट बनत नाही. कातालिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन यांच्या ज्या कामाला 2023 चं नोबेल मिळालं, ते आरएनएची अक्षरं बदलून पहारेकऱ्यांना शांत ठेवण्याचं काम होतं. आणि दुहेरी तुकडे गाळून टाकणं हा उत्पादनाचा एक टप्पाच झाला आहे. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीच्या ज्या लसीला 2022 मध्ये भारतात विकसित झालेली पहिली एमआरएनए लस म्हणून मान्यता मिळाली, तिची तऱ्हा अजून निराळी. तिचा आरएनए पेशीत गेल्यावर स्वतःच्या प्रती काढतो, आणि प्रती काढायच्या म्हणजे दुहेरी जोडी ओघाने आलीच. तिथे ती गाळता येत नाही. किती ओरड लसीला पोषक आणि कुठून पुढे घातक, हे तोलण्याचं काम आता औषधशास्त्रज्ञांकडे आहे, आणि त्याची पहिली चाचणी अजूनही उंदरांवरच होते.